कुंकू लावलेली तबकडी

लग्नं अजून चकचकीत तबकड्यांवर साठवली जायची त्या काळातली गोष्ट. भास्करराव तोडकरांच्या फोटो स्टुडिओत एक सीडी ड्राइव्ह होता. कामसू, पण तोंडाचा फटकळ.

जुन्या लग्नांचे फोटो कॉम्प्युटरमध्ये होते आणि त्यांची एकुलती एक प्रत एका तबकडीवर. ती कपाटात असायची आणि दसऱ्याला कॅमेऱ्यांसोबत पाटावर बसायची. भास्करराव दरवर्षी तिच्या चकाकत्या बाजूला हळदकुंकू लावायचे, कारण ती बाजू जास्त शोभिवंत.

“बाई, एकदा माझ्याकडे येऊन जा,” ड्राइव्ह म्हणायचा. “तुझ्यावरचं अजून वाचता येतं का, एवढंच बघतो.”

“देवाची कुणी परीक्षा घेतं का?” तबकडी नाक मुरडायची.

एका सकाळी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कायमची बसली. नेमके सोनटक्के काही वर्षांपूर्वी झालेल्या लेकीच्या लग्नाचे फोटो न्यायला आले होते.

“घाबरू नका, प्रत आहे,” म्हणत भास्कररावांनी नमस्कार करून तबकडी ड्राइव्हमध्ये ठेवली.

ड्राइव्हने ती फिरवफिरव फिरवली. नवरी नाही, नवरा नाही, नुसतं कुंकू. त्याने तिला बाहेर ढकललं. भास्कररावांनी ती रुमालाने घासली, तसे तिच्यावर चरेही पडले. सोनटक्के डोळे पुसत निघून गेले.

“एवढी पूजा झाली माझी,” तबकडी पुटपुटली.

“तेवढीच झाली,” ड्राइव्ह म्हणाला.

भास्कररावांनी खूप विचार केला आणि आपला देव चुकला असं ठरवलं. पुढच्या दसऱ्याला ते कुंकवाची वाटी घेऊन ड्राइव्हसमोर बसले.

ड्राइव्हने तोंड घट्ट मिटून घेतलं.