लाल दगडांतली डुलवेल

एका डोंगराळ जंगलात एक अस्वलीण राहत असे. अंगाने धिप्पाड आणि बोलायला अगदी तुसडी. पण मुलांनो, त्या जंगलातले कोणी एक निवडायला सांगितले, तर मी डोळे मिटून तिलाच निवडीन. का, ते ऐका.

त्या जंगलात एक रीत होती. जपून वापरायच्या प्रत्येक झाडपाल्याभोवती दगडांचे रिंगण असे. पांढरे दगड म्हणजे कोणीही खावे. पिवळे दगड म्हणजे वैद्य देईल तेवढेच घ्यावे. आणि लाल दगड म्हणजे खाणे तर सोडाच, वैद्यानेसुद्धा पान तोडायचे नाही. डुलवेल या लाल दगडांत होती, आणि त्याला कारणही तसेच होते. बारा वर्षांपूर्वी अस्वलिणीच्या एकुलत्या एका पिल्लाने या वेलीची पाने पोटभर खाल्ली. त्याला गुंगी आली आणि झोकांड्या खात ते कड्यावरून खाली गेले. दुसऱ्याच दिवशी पंचांनी वेलीभोवती लाल दगड मांडले. तेव्हापासून अस्वलीण रोज तिथे राखणीला बसे. तिला कोणी सांगितले नव्हते, आणि ऊठ म्हणायची कोणाची छातीही नव्हती.

पुढे एका हरिणीच्या पाडसाला झटके येऊ लागले. चरता चरता ते कोसळे, पाय ताठ होत, डोळे पांढरे होत. दिवसातून चार-चार वेळा असे होई. बिचारे वाळून काटकीसारखे झाले. साळिंदरबुवा हे जंगलाचे वैद्य. त्यांनी सगळे पाले, सगळ्या मुळ्या देऊन पाहिल्या. शेवटी ते म्हणाले, "डुलवेलीचं चिमूटभर पान झटक्यांवर चालतं, असं माझी आजी सांगायची. खरं-खोटं मला माहीत नाही. पण हे पोर आता फार दिवस काढणार नाही."

हरिणीने पंचायत बोलावली. म्हातारा गवा मुख्य पंच होता आणि नियम सांगायला कोल्हा.

कोल्हा म्हणाला, "बुवा, डुलवेल औषधी आहे हे आधी दाखवून द्या. मग तिला लाल दगडांतून काढू."

"दाखवतो की! एक पान तोडू द्या."

"लाल दगडांतलं पान तोडता येत नाही."

"अहो, मग दाखवू कसं?"

"ते तुमचं तुम्ही बघा," कोल्हा म्हणाला आणि ऐटीत शेपूट सावरून बसला. बारा वर्षे हा नियम असाच स्वतःभोवती गोल फिरत होता, आणि त्यात काही चुकते आहे असे एकाही शहाण्याला वाटले नव्हते!

तेवढ्यात माकडे ओरडली, "दगडच उचलून फेका! ज्याला हवं तो खाईल, मजा करील!" ते ऐकून ससे घाबरले. "एक जरी दगड हलला तरी आमची पोरं वाया जातील!" असे म्हणून त्यांनीही कालवा केला. सकाळची दुपार झाली. कोणी कोणाचे ऐकेना. त्या गलक्यात पाडस पुन्हा कोसळले, तरी वाद काही थांबला नाही.

उठली ती एकटी अस्वलीण. तिने आपला भलाथोरला पंजा पाडसाच्या डोक्याखाली धरला आणि झटका ओसरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. सभा आपोआप गप्प झाली. मग ती म्हणाली, "माझं पोर या पाल्यानं गेलं. मी या पाल्याला रोज शिव्या घालते, उद्याही घालीन. आणि माकडांनो, दगडाला हात लावाल तर हात मोडून ठेवीन. पण बुवांना पान तोडू द्या. माझ्या पोराचं नाव सांगून हिच्या पोराला मरू द्यायचं, हे मला जमायचं नाही."

"पण ताई, नियम..." कोल्हा पुटपुटला.

"तू डुलवेल कधी पाहिलीस का रे?"

कोल्ह्याने ती कधीच पाहिली नव्हती.

गव्याने निवाडा दिला. बुवांनी रोज सकाळी सर्वांसमोर चिमूटभर पान द्यावे आणि काय होते ते सगळ्यांनी पाहावे. पहिल्या दिवशी पाडस नुसते पेंगत राहिले, तेव्हा बुवांनी पान कमी केले. पाचव्या दिवशी झटके दोनवर आले. महिनाभराने आठवड्यातून एखादाच येऊ लागला. झटके पूर्ण थांबले नाहीत, हेही खरे सांगायला हवे. पण पाडस उभे राहिले, पोटभर चरू लागले, आणि एकदा तर त्याने कोल्ह्याला ढुशीही दिली.

तेव्हा पंचांनी ठरवले, की डुलवेलीभोवती लाल नव्हे, पिवळे दगड हवेत. पांढरे मात्र नकोत. माकडे हिरमुसली, ससे कुरकुरले. लाल दगड उचलायला कोणी पुढे होईना, कारण सगळे अस्वलिणीच्या तोंडाकडे बघत होते. तिने एकेक दगड स्वतः उचलला. शेवटचा दगड तिने थोडा वेळ पोटाशी धरला आणि मग खाली ठेवला. किती मोठे काळीज म्हणायचे हे!

पिवळे दगड मांडून ती पुन्हा राखणीला बसली. हरिणी भरल्या डोळ्यांनी तिच्या पाया पडायला वाकली.

"पाया कसली पडतेस?" अस्वलीण खेकसली. "जा, आधी पोराला चारून आण. उपाशीपोटी पान द्यायचं नाही, असं बुवांनी बजावलंय."

तात्पर्य : दुःखातून केलेला नियमही वेळ आली की तपासून पाहावा, आणि ज्याने सर्वांत जास्त सोसले, तोच दुसऱ्यासाठी तो बदलायला उभा राहिला, तर त्याच्याएवढा मोठा कोणी नाही.