उपरण्याची गाठ

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की आपल्या गावाचा वड तेव्हा एखाद्या पाखराच्या पोटात बी होऊन उडत होता.

त्या दिवशी सकाळपासून ऊन असं पडलं होतं, की कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीला बसल्या होत्या. पण मावळतीला, डोंगराच्या खांद्यावर, एक काळा ढग हत्तीसारखा उभा होता. पुढेही येत नव्हता, मागेही जात नव्हता. हस्त नक्षत्राचे दिवस ते. दसरा पंधरवड्यावर आला होता. या दिवसांत त्या राज्यातली माणसं चालताना खाली बघायची सोडून वर बघत आणि ठेचा खात.

वर का बघत, ते आधी सांगतो. घाई नाही ना कुणाला?

दसऱ्याला त्या राज्यात राजाच्या हत्तीपासून गरिबाच्या विळ्यापर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ लागायची. पण फुलं यायची शेवटी, आणि माळ्यांना पैशाची नड असायची आधी, झाडावर नुसत्या कळ्या असताना. म्हणून एक रीत पडली होती. कुणी विसार दिला, की माळी त्याच्याशी फुलांचा भाव ठरवायचा आणि आपल्या जुन्या पागोट्याची चिंधी टरकन फाडायचा. अर्धी आपल्याकडे ठेवायचा, अर्धी त्याला द्यायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत, जो कुणी ती अर्धी चिंधी आणून फाटलेल्या कडा जुळवून दाखवील, त्याला ठरल्या भावाने बागेतली सगळी फुलं. कुणी आलंच नाही, तर विसार माळ्याचा आणि फुलंही माळ्याची. मग चिंधीला कोण विचारतो? तिने भांडीसुद्धा नीट पुसली जात नाहीत.

गंमत पुढेच आहे. फुलं दूर राहिली, मधल्या दिवसांत या चिंध्यांचाच बाजार भरायचा. ढग आला की लोकांना वाटे, सखल बागा सडणार, फूल महागणार. मग चिंधी महाग. ऊन पडलं की चिंधी स्वस्त. भाव कुणी तोंडाने बोलायचं नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे चांदीचं एक नाणं. बाकीच्यांनी नुसती तोंडं बघायची.

त्या बाजाराच्या कडेला गेनू नावाचा एक माणूस टोपल्या विणून विकायचा. हात सोन्याचे, स्वभाव लोण्याचा. त्याची बायको सगुणा. एकुलती एक लेक नदीपल्याड दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि गेनूच्या दारात दुधाचं जनावर नव्हतं.

शेजारी भागूमावशी राहायची. तिच्याकडे एक म्हैस आणि तांबू नावाची गाय. तांबू इतकी गरीब, की गेनू दिसला की मान लांब करून त्याच्या उपरण्याचं टोक चाटायची.

भागूमावशी एकदा म्हणाली, "गेन्या, माझे गुडघे आता दोन जनावरांचे राहिले नाहीत. तांबूला काढायची आहे. दसऱ्याला गुरांचा व्यापारी येतोय, चार नाणी देतो म्हणालाय. तू दिलीस तर तुला. माझ्या डोळ्यासमोर तरी राहील."

गेनूच्या घरात दोन नाणी होती. उरलेली दोन कुठून आणायची?

म्हणून त्या दिवशी, तो हत्तीसारखा ढग बघून, तो माळावरच्या माळ्याकडे गेला. माळावर पाणी साचत नाही. पाऊस झाला तरी ती बाग टिकणार. दोन नाणी विसार देऊन त्याने चिंधी घेतली. घरी आल्यावर सगुणाला सगळं सांगितलं.

सगुणा घाबरली. तिने त्याच्या उपरण्याच्या टोकाला घट्ट गाठ मारली. म्हणाली, "तुम्हाला सांगितलेलं राहत नाही. मीठ आणायला जाता आणि गूळ घेऊन येता. ही गाठ बघा. रुमालाखाली कुणी चार बोटं दाबली, की चिंधी द्यायची आणि सरळ गायीकडे यायचं."

"अगं, एवढं काय विसरतोय मी!"

"गाठ राहू द्या," सगुणा म्हणाली.

ढग पुढे सरकला. दोन दिवस नुसता गडगडाट. चिंधी तीन बोटांवर गेली. मग खालच्या बागांत एक सर पडून गेली, आणि पिकल्या मिशांचा एक म्हातारा व्यापारी स्वतःहून गेनूपाशी आला. त्याने रुमाल टाकला. एक, दोन, तीन, चार बोटं दाबली.

चार! गाय! तो हो म्हणणार, तोच त्याला जाणवलं, की म्हाताऱ्याची करंगळी रुमालाखाली थरथरते आहे. मधेच त्याच्या तळव्याला लागते, मधेच मागे जाते.

गेनू मनात म्हणाला, 'अरे वा! पाचवं बोट द्यायचं याच्या मनात आहे, फक्त धीर होत नाही. थोडा दम धरावा.'

त्याने हात काढून घेतला.

घरी सगुणा दारातच उभी होती. "किती?"

"चार."

"मग गाय कुठंय?"

"अगं, पाचवं बोट अगदी दारात येऊन उभं होतं!"

"दारात आलेला पाहुणा परतही जातो," सगुणा म्हणाली आणि आत गेली.

पण पाहुणा आला बरं का! दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला, नदीला पाणी आलं आणि चिंधी पाच बोटांवर गेली. गेनूला वाटलं, आपल्याला बाजार कळला. त्याने उपरण्याची गाठ सोडली आणि जरा वर सरकवून पुन्हा मारली. पाच म्हणजे गाय आणि गोठ्यावर छप्पर. सहा झाली तर लेकीला लुगडं. सात झाली तर जावयाला पागोटं. टोपल्या विणता विणता तो हिशोब विणायला लागला. त्या दिवसांतल्या टोपल्या वाकड्याच झाल्या.

तांबू तेवढी रोज मान लांब करून उपरणं चाटायची. गाठ कुठे आहे, याच्याशी तिला काय!

मग एका सकाळी लोक उठून बघतात तो डोंगराच्या खांद्यावरचा हत्ती गेलेला. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. बाजारात म्हाताऱ्या व्यापाऱ्याने तीन बोटं दाबली.

"तीन?" गेनू रुमालाबाहेरच ओरडला. "काल पाच होती! माझी काय चोरीची आहे?"

"गेनोबा, कालचा भाव कालबरोबर गेला. तुझी दोन गेलीत, तीन मिळतायत. घे आणि घरी जा."

"पाचवर येऊ दे, मग देतो," गेनू म्हणाला. त्याला तीन नाणी मिळत होती, पण त्याला दिसत होती ती न मिळालेली दोन.

ऊन टिकलं. नदी उतरली. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी पल्याडच्या गावांतून फुलांच्या गाड्याच गाड्या आल्या. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे पिवळं. फूल मातीमोल झालं. रुमाल टाकायलाही कुणी येईना.

सूर्य बुडायला आला तेव्हा गेनू माळावर गेला. माळ्याने आपली अर्धी चिंधी आणली. दोघांनी कडा जुळवल्या. बरोब्बर जुळल्या.

माळी भला माणूस होता. तो म्हणाला, "कडा जुळल्या रे बाबा. मागितलीस तर ठरल्या भावाने फुलं देणं मला भाग आहे. पण बाजारात निम्म्याने मिळतायत. घेशील तर आणखी बुडशील. नको घेऊस." मग त्याने कोपऱ्यातलं टोपलं उचलून गेनूच्या हातात दिलं. "विसार परत देत नाही, रीत नाही तशी. पण तोरणाला म्हणून एक टोपलंभर फुलं तोडून ने. तुझ्याच हातचं टोपलं आहे."

दसऱ्याच्या सकाळी गुरांचा व्यापारी आला. गेनूने त्या फुलांची माळ केली होती. दाराला न बांधता ती त्याने तांबूच्या गळ्यात घातली. तांबूने मान लांब केली, उपरण्याचं टोक चाटलं, आणि व्यापाऱ्यामागून चालू लागली. वळणावर पिवळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत गेनू उभा राहिला. भागूमावशीने पदर डोळ्याला लावला.

संध्याकाळी सोनं द्यायला म्हणून गेनू म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याने आपट्याचं पान पुढे केलं, आणि गेनू बघतच राहिला. करंगळी थरथरत होती.

"शेठ, ही करंगळी..."

"ही होय? वारं भरलंय तिच्यात, किती वर्षं झाली. देवाला हात जोडले तरी थरथरते. सुनेला वाटतं, मी तूप आणखी वाढ म्हणतोय!"

गेनू हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

लेक आली. तिला मुलगी झाली. आणि रोज पहाटे भागूमावशी म्हशीच्या दुधाचा तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवू लागली. गेनू ओशाळा होऊन म्हणे, "मावशी, याचे पैसे..."

"पैसे कसले? माझी शेणाची पाटी तुटलीय. एक विणून दे. आणि सरळ विण रे! त्या चिंधीच्या दिवसांतली तुझी टोपली अजून गडगडत जाते."

वर्ष फिरलं. हस्त लागला. नातीचं पहिलं वर्ष भरत आलं. ती आईबरोबर आजोळीच आली होती. मावशीची म्हैस आटली होती, आणि पोरीला दूध हवं होतं. गेनूच्या मनात पुन्हा माळ आला. पण या वेळी त्याने घरातलं सगळं नेलं नाही. टोपल्यांतून खाऊनपिऊन उरलेलं एकच नाणं घेतलं. गेलं तर चूल थंड होणार नाही, असं. त्याने एका लहानशा बागेची चिंधी आणली.

"दोन बोटं," तो सगुणाला म्हणाला. "दोन नाण्यांत शेळी येते. मार गाठ."

सगुणाने गाठ मारली. मग सुईदोरा आणला आणि गाठीवर आरपार टाके घातले.

"हे काय?"

"आता सरकवून दाखवा!"

चिंधी दोन बोटांवर गेली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. बाजार ओरडत होता, "थांबा, थांबा, चढणार!" त्याच म्हाताऱ्याने रुमाल टाकला, दोन बोटं दाबली. करंगळी थरथरली. गेनूने दुसऱ्या हाताने गाठ सोडून बघितली. ती हलेना. तो खुदकन हसला आणि त्याने चिंधी देऊन टाकली. संध्याकाळी पांढऱ्या कानांची शेळी दारात बांधली गेली.

आणि मग काय झालं असेल? पाऊस असा लागला, की तीच चिंधी सहा बोटांवर गेली!

बाजारातल्या लोकांना तेवढंच हवं होतं. "आला बघा शेळीवाला!" "गेनोबा, दम धरला असता तर शेळीच्या जागी हत्ती झुलला असता!" "टाके घालून फिरतो म्हणे! उद्या तोंडालाही घालून घे!"

गेनू हसून ऐकून घेत होता. पण माणूसच तो. घरी येताना त्याचा पाय जड झाला. अंगणात नात शेळीच्या दुधाची वाटी दोन्ही हातांनी धरून पीत होती, अर्धं पोटात, अर्धं झबल्यावर. ते बघूनही त्याच्या मनातली करंगळी थरथरायची थांबेना.

तो शेजारी गेला. भागूमावशी चुलीपाशी बसली होती. शेळीच्या दुधातलं शेरभर सगुणाने तिच्याकडे पाठवलं होतं, ते ती तापवत होती.

"मावशी," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला, "आज सहा झाली. चारच दिवस थांबलो असतो, तर तांबूसारखी गाय दारात असती गं."

मावशी काही बोलणार, तेवढ्यात दूध सरसरून वर आलं. तिने पदराने धरून भांडं खाली उतरवलं. साय हळूहळू बसली. मग तिने गेनूकडे बघितलं, त्याच्या उपरण्याच्या टाके घातलेल्या गाठीकडे बघितलं आणि हसली.

"लेकरा, हे दूध आणखी किती वर आलं असतं ते मलाही ठाऊक नाही, आणि मला ते बघायचंही नव्हतं. दूध वर आलं की जो उतरवतो, त्याच्या घरी दूध राहतं. किती वर येतं ते बघत बसणाऱ्याचं दूधही जातं आणि चूलही विझते."