टाकीचं लंघन

“वाया जातं म्हंजे कुठं जातं?”

सिदूबुवांनी एवढंच विचारलं आणि सुपारी कातरत राहिले.

भालचंद्र थबकला. मघापासून तो एकटाच बोलत होता. इतक्या वेळात बुवांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठी.

“वाया म्हणजे... वाया, बुवा. कुणाच्या उपयोगाला येत नाही.”

“कुणाच्या?”

 भालचंद्रला प्रश्न म्हातारपणाचा वाटला.

तसं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. देश तेलासाठी परक्यांच्या दारात उभा, आणि इकडे आपल्याच शिवारात इंधन कुजत पडलेलं. शेण आहे, उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं आहे, वाळक्या पानांचं पाचट आहे, भाताचा पेंढा आहे, घरोघरचं खरकटं आहे. सगळं टाक्यांत घाला आणि गॅस काढा. चुली त्यावर, मोटारी त्यावर, उद्या एस्ट्यासुद्धा त्यावर. धूर नाही, परक्यांची मिनतवारी नाही, आणि टाकीतून बाहेर पडणारा राडा पुन्हा शेताला खत. दिल्लीतल्या ज्या समितीवर तो होता, तिथं त्यानं हे सांगून भल्याभल्यांना गप्प केलं होतं. आधी चाळीस गावांत करून दाखवा, असं समिती म्हणाली तेव्हा त्याला आपलाच मुलूख आठवला.

गावं मात्र हुशार. त्याचं ऐकून घेत, माना डोलवत, चहा पाजत आणि शेवटी म्हणत, बुवांना विचारून सांगतो.

म्हणून तो बुवांच्या मठात आला होता. याच मठात राहून तो शाळा शिकला होता, बुवांच्या ताटाशेजारी बसून जेवला होता. बुवांचा एक शब्द आपल्याला सहज मिळेल असं तो धरून चालला होता. शब्द मिळाला नाही तर योजना दुसऱ्या राज्यात जाणार होती, आणि तिच्यामागे घातलेली त्याची वर्षंही.

“एक काडीसुद्धा वाया जाऊ देणार नाही, बुवा. देशाचं भलं होईल.”

बुवांनी सुपारी तोंडात टाकली.

“देशाचं मागनं बघू, भालबा. आधी चहाचं बघ.”

भंडारा आता तोंडावर आला होता. तो झाला की पुढच्या गुरुवारी चाळीस गावची माणसं मठात जमणार होती. त्यांचा चहा मठामागच्या गोबरगॅसच्या टाकीवर व्हायचा. तोवर टाकी तू सांभाळ, आलेल्यांना चहा पाज आणि मग काय विचारायचं ते सगळ्यांदेखत विचार, असं बुवांनी सांगितलं.

भालचंद्रला हसू आवरेना. परीक्षा घेताहेत, तीही त्याच्याच विषयाची...

टाकी जुनी होती. सकाळी पाण्यात कालवलेलं शेण घालायचं, की लोखंडी झाकण वीतभर वर यायचं. तेवढ्या गॅसवर चहा आणि डाळ. त्याउपर काही नाही. गेली कित्येक वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही कमी वाटत नव्हतं. भालचंद्रला या समाधानाचीच चीड होती. म्हणे, होतंय की!

भंडारा झाला. भात उरला, शिरा उरला, बुंदी उरली, पाझरलेला गूळ उरला. स्वयंपाक बघणारी पारूआक्का म्हणाली की उरलंसुरलं म्हशीला जातं, आणि कुत्र्या-कावळ्यांनाही लागतं. भालचंद्रनं हात झटकला. शेणापेक्षा या अन्नातून किती पट गॅस निघतो ते त्यानं तिला समजावून सांगितलं आणि पातेलीच्या पातेली टाकीत ओतली. दुसऱ्या दिवशी ओतली, तिसऱ्या दिवशीही ओतली. दावणीची म्हैस मान वळवून बघत राहिली.

झाकण चढू लागलं. मठात कुणी पाहिलं नव्हतं इतकं वर आलं. भालचंद्रनं त्याचा फोटो काढून दिल्लीला पाठवला आणि बुवांना हाताला धरून टाकीपाशी आणलं.

बुवांनी झाकणावर थाप मारली. कान लावला.

“पोट चांगलंच वर आलंय,” ते म्हणाले.

भालचंद्रला ती शाबासकी वाटली.

गुरुवारी सकाळपासून माणसं येऊ लागली. मंडप भरला. पारूआक्कानं चहाचं मोठं पातेलं शेगडीवर चढवलं, भालचंद्रनं स्वतः कळ फिरवली आणि काडी ओढून धरली.

काडी विझली.

दुसरी धरली. तीही विझली. शेगडीतून वारा येत होता, चांगला जोरात येत होता. त्याला आंबूस वास होता, आणि तो पेटत नव्हता.

कारण त्याला तिथल्या तिथं कळलं, हेच मोठं दुःख. शेण पचवणारे जीव टाकीत असतात. त्यांना एकदम गोडधोड घातलं की आतलं सगळं आंबतं. वायू भरपूर होतो, झाकण फुगतं, पण जळणारा वायू त्यात नसतो. परीक्षेत त्यानं हाच प्रश्न सोडवला होता. दुसऱ्यांना शिकवलाही होता. फक्त घाईत स्वतःला विचारला नव्हता.

बाहेर चाळीस गावं चहाची वाट बघत बसली होती. भालचंद्रला वाटलं, आत्ता रडू फुटेल. लहानपणी याच मठात तो एकदा भर पंगतीत पडला होता, वाढपाच्या भांड्यासकट. त्या वेळी तरी त्याला कुणी साहेब म्हणत नव्हतं.

तो मंडपात आला आणि चहा होणार नाही म्हणून त्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही. ते त्याला जास्तच लागलं.

इंगवले नावाचे एक थोराड शेतकरी उठले. दौलतराव. बोलायला फटकळ, पण मनात काही न ठेवणारा माणूस. त्यांच्या स्वतःच्या घरी लहानशी टाकी होती.

“बुवा, चहाचं ऱ्हाऊ द्या. आमचं वाडं, पेंढा ह्यांच्या टाक्यांस्नी द्यायचं का न्हाई, तेवढं सांगा. म्हंजे मोकळं.”

 भालचंद्रनं मान खाली घातली. बुवांनी आता नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी सगळं संपलं असतं. एका परीनं त्याला तेही चाललं असतं. सुटलो असतो...



“टाकी आजारी हाय,” बुवा म्हणाले. “आजाऱ्याच्या दारात बसून असलं काय ठरवू ने. जावा आता घराला.”

माणसं उठली. मठातून बिनचहाचं परतायची त्या मुलखात ही पहिलीच वेळ असावी.

दुपारी भालचंद्रनं पिशवी भरली आणि निरोप घ्यायला बुवांना शोधत मागे गेला. बुवा टाकीच्या कठड्यावर बसले होते.

“निघालास?”

“हो.”

“बरी कशी व्हायची ही?”

भालचंद्रनं पिशवी खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. खाणं बंद करायचं. आंबटपणा मारायला थोडी चुन्याची निवळी घालायची. चालत्या टाकीतला थोडा काला, म्हणजे आतलं कालवलेलं शेण, आणून आत सोडायचा. रोज ढवळायचं. मग वाट बघायची.

“किती?”

“ते तिच्यावर आहे.”

“म्हंजे लंघन.”

“हो... लंघनच.”

“आजारी कुणी पाडली?”

भालचंद्र पिशवी घेऊन परत खोलीत गेला.

चालता काला मिळायचा तर दौलतरावांकडेच. तिथं जाणं जिवावर आलं होतं, पण बादली घेऊन तो गेला. विरजण संपलं की शेजारी वाटी घेऊन जातात तसा. दौलतराव पोटभर हसले. हसून झाल्यावर त्यांनी बादली भरून दिली आणि जेवल्याशिवाय हलू दिलं नाही.

जेवण व्हायचं होतं म्हणून भालचंद्र अंगणात बसला. करायला काही नव्हतं, म्हणून बघत बसला. वाडं म्हशींच्या पुढ्यात पडत होतं. पेंढ्याची गंजी उन्हाळ्यासाठी रचलेली होती, तिच्याकडं बघूनच घरची जनावरं निर्धास्त दिसत होती. पाचट उसाच्या सरीत पसरलं होतं. त्यानं ते सहज उचलून पाहिलं. खाली माती ओली होती आणि तिच्यात गांडुळं होती. ताटातलं खरकटं कोंबड्यांनी त्याच्यादेखत संपवलं.

याच सगळ्याला तो दिल्लीत वाया जाणारा माल म्हणत आला होता. आकडे खरे होते. फक्त त्या आकड्यांना आधीच कुणीतरी खात होतं.

तेवढ्यात दौलतरावांची बहीण बाहेर आली. शेवंताबाई. डोंगरापलीकडच्या खडकेवाडीत दिलेली. तिचे डोळे चुलीच्या धुरानं लाल होते, कडा सुजलेल्या. भावाच्या घरच्या शेगडीची निळी आच ती फार वेळ बघत उभी राहिली होती, तिथूनच आली होती. भालचंद्रला तिनं विचारलं, आमच्यात ऊस न्हाई, भात न्हाई, चार जनावरं हाईत आणि शेणाचा उकिरडा हाय, जळाण आणाय डोंगर चढावा लागतोय. आमच्यात व्हईल का असलं?

भालचंद्र तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. चाळीस गावांच्या त्याच्या हिशेबात खडकेवाडी शेवटी होती. तिथं माल कमी निघत होता.

“होईल,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं पुढं काही जोडलं नाही.

टाकीचं लंघन सुरू झालं.

भालचंद्र सकाळी ढवळायचा. संध्याकाळी ढवळायचा. मध्ये काही नाही. हाताला ओतायची इतकी सवय लागली होती की रिकामी बादली बघून त्याला चुकल्यासारखं व्हायचं. पहिले काही दिवस तो सारखा काडी ओढून बघायचा. मग पारूआक्कानं काड्यापेटी कनवटीला लावली. उरलेला भात पुन्हा म्हशीकडे जाऊ लागला.

बसल्या बसल्या तो आपली योजना मनात फिरवू लागला. वाडं काढून टाकलं. पेंढा काढला. पाचट मात्र दोनदा काढून परत घातलं, मग काढलंच. खरकटंही काढलं. डोंगराएवढी योजना उकिरड्याएवढी झाली. त्याला वाईट वाटलं, रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. पण उकिरडा खरा होता. तो दारोदार होता आणि त्याच्यावर कुणाचं पोट नव्हतं. त्याच्यातली आच आधी काढून घेतली तरी खत शेताला मिळतच होतं.

बुवा येता-जाता टाकीकडे बघत. 

एका सकाळी पारूआक्कानं आपण होऊन काड्यापेटी पुढे केली. भालचंद्रनं काडी धरली. आधी पिवळट, मग थरथरत... मग निळी. बोटभर ज्योत. झाकण जेमतेम वीतभर वर होतं.

चहा झाला. भालचंद्र कप घेऊन बुवांकडे गेला.

“बुवा, विचारू?”

“आधी मी इचारतो. आता वाया किती जातं?”

बाहेर म्हैस रवंथ करत होती. 

“ठाऊक नाही. एकेका गावात राहून बघावं लागेल.”

“चाळीस गावं काय, थांबतील. तुजी समिती थांबंल?”

“बहुतेक नाही. चाळीस होणार नाहीत, एक होईल, असं मी कळवलंय. अजून उत्तर नाही.”

“मग?”

“खडकेवाडीच्या शेवंताबाई थांबल्यात. गावानं शेण दिलंय. खड्डाही खणून झालाय.”

बुवांनी चहा संपवला. कप पालथा घातला. मग उठून टाकीमागे गेले, धोतर खोचलं आणि बाहेर पडणारा जुना काला विरजणापुरता स्वतःच्या हातानं बादलीत भरला. गळ्यातला पंचा सोडून बादलीच्या तोंडाला बांधला आणि बादली भालचंद्रच्या हातात दिली.

चांगलीच जड होती. खडकेवाडीला गाडी जात नव्हती, डोंगर पायी ओलांडायचा होता आणि वाट सगळी दगडांची.

दोन पावलं जाऊन भालचंद्र थांबला. मागे वळला.

“बुवा, वाट फार खराब आहे. वाटेत सांडलं तर?”

बुवा हात धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“सांडंल तिथं गवत येईल,” ते म्हणाले. “चहा तेवढा व्हायचा न्हाई.”