काकूंच्या चाळीस पाट्या

एका गावात एक काकू होत्या, भारी देवभोळ्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी असं करत करत पोटभर जेवायला वार उरायचा तो एखादाच! पण त्यांचं सगळ्यात लाडकं व्रत म्हणजे ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. म्हणून काकू परसात आपल्या हातांनी सुरण, रताळी, अळकुड्या लावायच्या आणि त्यांचीच भाजी करायच्या.

काकूंचा नेम इतका कडक, की परसात शेणखतसुद्धा चालायचं नाही. "शेण बैलाचं, म्हणजे कष्टही बैलाचेच!" बिचारी जमीन वर्षानुवर्षं नुसती देतच राहिली. होता होता माती विटेसारखी झाली. गेल्या भाद्रपदात तर रताळी निघाली ती उंदराच्या शेपटीएवढी. आणि यंदा आळीतल्या सात बायकांना ऋषीची भाजी वाढायचा मान काकूंचा!

चैत्रात काकूंनी खुरपं मारलं, ते टणकन उडालं. त्यांना रडूच कोसळलं. सात पानांवर वाढायचं काय, शेपट्या?

कुंपणापलीकडून गवळण म्हणाली, "काकू, उपाशी माती देणार कुठून? आमच्या खड्ड्यात वर्षभर कुजलेलं खत आहे, न्या की."

"त्यातलं गाईचं तेवढं निवडून देतेस?"

"अगं बाई! ते काय तांदळातले खडे आहेत?"

"मग नको. बैलाचे कष्ट लागतील."

गवळणीनं कपाळाला हात लावला. "अहो, शेण टाकायला बैलाला कसले कष्ट? उलट मोकळं वाटतं त्याला!"

हे काही काकूंना लगेच पटेना. दुसऱ्या दिवशी त्या पाट घेऊन गोठ्यासमोरच बसल्या. हातात जपमाळ, नजर बैलावर. दुपारी बैलानं शेपटी उचलली, आपलं काम उरकलं आणि डोळे मिटून रवंथ करू लागला. ना घाम, ना धाप.

"खरंच गं, हे कष्ट नव्हेत," काकू उठल्या.

"मग गाडी जुंपते. एका खेपेत परसात ओतून देते."

"शिव शिव! ते मात्र कष्टच की!"

आणि काकूंनी पदर खोचला. चुंबळ ठेवून डोक्यावरून पाटीमागून पाटी वाहिली. चाळीस झाल्या! बैल सावलीत बसून मान डोलवत बघत होता. काकूंनी ते खत मातीत कालवलं, वर पाचोळा पसरला, भाजीची देठं आणि सालंही पुरली. महिन्याभरात मातीत गांडुळं वळवळायला लागली.

भाद्रपदात खुरपं लागलंच नाही. काकूंनी बोटांनी माती सारली, तर खाली घागरीएवढा सुरण! रताळी तर मनगटाएवढी.

पंगत बसली. पहिला घास तोंडाशी आला, तोच आळीतल्या आजींनी हात थांबवला. आजी नेमाच्या काकूंहून कडक. "सूनबाई, खरं सांग. याला बैलाचं खत घातलंस ना?"

सगळे हात थांबले. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण व्रताच्या दिवशी खोटं बोलायचं? काकू पुटपुटल्या, "घातलं, आजी. पण गाडी नाही जुंपली. चाळीस पाट्या डोक्यावरून आणल्या."

"आणि बैल काय करत होता?"

"सावलीत बसून बघत होता."

आजींचं बोळकं असं पसरलं! "अगं वेडे, बैलाला एक दिवस विसावा मिळावा, त्याची आठवण राहावी, म्हणून हा नेम. इथं तर तो बसला नि तू राबलीस! आता आज त्या बैलानंच तुझ्या कष्टाचं खायला नको! वाढ अजून सुरण."

पंगत हसून हसून बेजार झाली. भाजी शेवटच्या फोडीपर्यंत संपली, आणि पुढच्या आठवड्यात आळीतल्या सातही परसांत खतासाठी खड्डे खणले गेले.

तात्पर्य: जिच्याकडून पोटभर मागायचं, त्या मातीला आधी पोटभर वाढावं, आणि नेम पाळताना त्याच्या पोटातली माया विसरू नये.