लव्हाळ्याच्या गाठी

घड्याळं अजून गावात आली नव्हती आणि माणसं देवळाच्या घंटेवर उठत, जेवत आणि निजत, त्या फार मागच्या काळातली ही गोष्ट. लहानांनी मांडी घालून ऐकावी. मोठ्यांनी पाय पसरून ऐकली तरी चालेल, पण ऐकावी.

नदीकाठी एक गाव होतं. त्या गावाला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक तिथले पानमळे आणि दुसरी रिबका. पानमळे असे की राजाच्या विड्याला तिथलंच पान लागे. आणि रिबका गावच्या ख्रिस्ती देवळात प्रार्थनेला उभी राहिली की उपासना चालवणारे पाळकसुद्धा आपली प्रार्थना आटोपती घेत! तिचा आवाज खणखणीत, शब्द भराभर येत. "माझा प्रभू माझं मागणं कधी खाली पडू देत न्हाई," असं ती छातीठोकपणे सांगे आणि सगळे माना डोलावत.

तिचा नवरा शांतवन अगदी अबोल. तो बायकोच्या शेजारी उभा राहून नुसतं "आमेन" म्हणे. मळ्यात मात्र त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेवरीच्या उंच झाडांवर तो पानवेली चढवी आणि लव्हाळ्याच्या गवताने त्या बांधी. गाठ अशी की वाऱ्याने सुटू नये आणि वेलीला काचूही नये.

पानमळ्याची एक रीत इथे सांगायला हवी. वेल झाडाच्या शेंड्याला पोचली की मळेकरी तिला तिथेच मिरवत ठेवत नाहीत. गाठी सोडून तिला खाली घेतात, बुंध्याशी तिचं वेटोळं करतात आणि वर माती घालतात. वेलीचा शेंडा तेवढा उघडा ठेवतात. याला उतरण म्हणतात. मातीतल्या पेरापेराला नवी मुळं फुटतात आणि वेल दुप्पट जोराने वर निघते. उतरण चुकली की पान बारीक होत जातं आणि पुढे मळाच वाळतो.

एका वर्षी, ऐन उतरणीच्या तोंडावर, शांतवन तापाने पडला. रिबकाने सगळ्या मंडळीला अंगणात बोलावलं, खणखणीत प्रार्थना केली आणि सांगून टाकलं, "रविवारी माझा मालक सोताच्या पायानं देवळात येईल. बघाच तुम्ही."

रविवारी शांतवन देवळात आला, पण चार माणसांच्या खांद्यावर.

रिबका खूप रडली. दुःख तर होतंच, पण त्याच्या जोडीला लाजही तिला आतून खात होती. आपण सगळ्यांसमोर देवाच्या नावाने शब्द दिला आणि देवाने आपल्याला तोंडघशी पाडलं, असं तिला वाटे. घंटा वाजली की ती दार लावून घेई. एकटी प्रार्थनेला बसली तरी "हे बापा" याच्या पुढे तिला जाता येईना.

मळ्यात मात्र ती रोज जाई. शांतवनाने बांधलेल्या गाठींवरून हात फिरवी आणि परत येई. शेजारचे मळेकरी म्हणाले, "वहिनी, आम्ही उतरण करून देतो." तिने कोणाला कुंपणाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. इकडे पानं बारीक होत चालली.

घरात तिचा सासरा होता. सगळे त्याला आबा म्हणत. डोळे गेले होते, तरी काठी टेकत टेकत तो मळ्यात आला आणि त्याने पान चाचपून पाहिलं.

"पोरी, असंच ऱ्हायलं तर मळा हातचा जाईल."

"जाऊ द्या, आबा. ह्या गाठी त्यांनी बांधल्यात. तेवढीच खूण उरलीया. ती मी माझ्या हातानं सोडू? आन् वर चढलेली वेल मातीत गाडू? गाडलंय की मी एकाला. आता पुरं."

आबाने चाचपत एका गाठीवरून बोट फिरवलं. त्याचाही मुलगाच गेला होता. मग हळूच म्हणाला, "आन् देवळात का येत न्हाईस?"

"कुठल्या तोंडानं येऊ? माझा विश्वास खोटा पडला, आबा."

"खोटा न्हाई पडला. शेंड्याला लागला व्हता, आता त्याची उतरण हाय." आबाने तिचा हात शोधून धरला. "आपल्या प्रभूला बी क्रुसावरनं खाली काढलं आन् कबरंत ठिवलं. त्यावक्ती त्याच्या माणसांना वाटलं, संपलं समदं. संपलं व्हतं का? सांग."

रिबका त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायताण कुंपणाबाहेर ठेवून मळ्यात शिरली. पहिल्या गाठीला हात घातला. लांबलचक प्रार्थना करणारी ती बाई, तिच्या तोंडून एवढंच आलं, "प्रभू, धर मला." गाठ सुटली. दुसऱ्या गाठीलाही तेच शब्द. मध्येच तिचा राग उसळला आणि ती मोठ्याने म्हणाली, "का नेलंस त्यांना?" तेही देवानेच ऐकलं. उत्तर काही आलं नाही. पण एकेक गाठ सोडता सोडता तिला वाटू लागलं, की या कामात आपण एकटीच नाही. दिवस मावळला तेव्हा सगळ्या वेली मातीखाली होत्या आणि ती झाडाला टेकून शांत बसली होती.

मळा उघडाबोडका दिसू लागला. रस्त्याने जाणारे म्हणत, "गेला शांतवनाचा मळा." पण थोड्याच दिवसांत मातीतून तांबूस कोंब डोकावले, आणि हंगाम फिरेपर्यंत तळहात झाकेल एवढं पान आलं. नव्या वेली रिबकाने स्वतः बांधल्या. आबाने तिची गाठ चाचपली आणि म्हणाला, "ही शांतवनाची न्हाई. पर धरून ठिवती चांगली."

मग गावात पुन्हा ताप आला. सुताराची धाकटी लेक अंथरुणाला खिळली. तिची आई धावत आली आणि रिबकाला हाताला धरून घरी घेऊन गेली. अंगणात सारी मंडळी जमली होती.

"रिबकाबाई, मोठ्यांदा प्रार्थना करा. माझी पोर उठंल, असं सांगा समद्यांना."

सगळे तिच्या तोंडाकडे पाहू लागले. एक शब्द दिला असता तर तिचा जुना मान त्याच क्षणी परत आला असता. रिबका उभीच राहिली नाही. ती त्या आईशेजारी जमिनीवर बसली.

"उठंल का न्हाई, ते मला ठावं न्हाई, बाई. जीव तोडून मागू आपण. पर काय बी झालं तरी तो तुझा हात सोडणार न्हाई. हे मातर मला ठावं हाय. मी तिथनं जाऊन आलेय." आणि तिने डोळे मिटले. "प्रभू, धर हिला."

एवढी छोटी प्रार्थना तिच्या तोंडून कोणी कधी ऐकली नव्हती. आणि अंगणात डोळे कोरडे राहिलेलं एकही माणूस नव्हतं. पोरीचा ताप उतरेपर्यंत रिबका त्या घरातून हलली नाही.

पोर वाचली. तरीही गाव ही गोष्ट सांगतं ती रिबकासाठीच.

पुढच्या रविवारी ती देवळात आली आणि मागच्या ओळीत बसली. पाळकाने तिला पुढे बोलावलं. तेव्हा आबा काठीवर भार देऊन उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही माझी सून हाय." तिच्या खणखणीत प्रार्थनांच्या काळात त्याने हे एकदाही म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून त्या गावात उतरणीची पहिली गाठ सोडण्याआधी सगळे मळेकरी अनवाणी उभे राहतात आणि रिबकाची तीच छोटी प्रार्थना म्हणतात.

लक्षात ठेवा: संकटाने खाली आणलेला विश्वास देवाच्या हाती दिला, तर तो मातीतही मुळं धरतो आणि पहिल्यापेक्षा उंच वाढतो.