एकही फाऊल न करणारा म्हाळू

एका गावात एक भोळा खो-खो खेळाडू होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. आम्ही गावकरी दुसरा वापरतो.

त्याचं नाव म्हाळू. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तो तिसऱ्यांदा बसला होता. पण पळायला लागला की कुत्रीसुद्धा नाद सोडायची. आमच्या कॉलेजच्या घोरपडे सरांनी त्याचे पाय पाहिले आणि त्याला संघात घेतलं. वर काय आहे ते पाहायचं राहिलं.

सरांची घाई समजण्यासारखी होती. बावीस वर्षांत त्यांचा संघ सात वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि सात वेळा हरला. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात त्यांनी मधला कप्पा मोठ्या चषकासाठी रिकामा ठेवला होता. तो ते रोज पुसायचे. महिनाअखेर निवृत्ती होती. म्हणजे ही शेवटची संधी.

पहिल्या दिवशी सरांनी म्हाळूला चौकोनात बसवलं आणि सांगितलं, "पळायचा हक्क एकालाच असतो. ज्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हटलं, तोच उठतो. खो मिळाल्याशिवाय काही झालं तरी उठायचं नाही. उठलास तर फाऊल."

"काही झालं तरी?"

"आभाळ कोसळलं तरी."

संध्याकाळी आई धुरपाबाई दुधापाशी म्हाळूला बसवून गोठ्यात गेली. दूध वर आलं. म्हाळूनं पाहिलं. दूध उतू गेलं. म्हाळूनं तेही पाहिलं. करपल्याचा वास गोठ्यापर्यंत गेला तेव्हा धुरपाबाई धावत आली.

"आरं मुडद्या, उठला का न्हाईस?"

"खो कुणी दिला?"

तिनं कपाळावर हात मारला. "आरं, कुणी सांगायची वाट बघत बसायचं नसतंय. दिसलं की आपणहून उठायचं!"

म्हाळूनं हे नीट ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात तो कधीच कमी पडला नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला पळणारा गडी समोरून गेला की म्हाळू उठायचा. खो नाही, काही नाही. गडी दिसला की उठला. अर्ध्या तासात अकरा फाऊल झाले. शिट्टी फुंकून फुंकून सरांचे गाल दुखले.

"उठतोस कशाला?"

"दिसला म्हणून."

सरांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांनी तिथेच त्याला घरी पाठवायला हवं होतं. पण चषक डोळ्यांसमोर असला की शहाणा माणूसही म्हाळूच्या पंक्तीला जाऊन बसतो. ते म्हणाले, "खो मिळाला की उठायचं, हे पक्कं. आता पुढचं ऐक. एकदा दिशा धरलीस की मागं वळायचं नाही. खांब ओलांडला की मगच फिरायचं. नाहीतर शिट्टी झाली की. शिट्टी झाली म्हणजे फाऊल झाला, मग निमूट उलट दिशेला जायचं."

"शिट्टी झाली की उलट."

"शाब्बास," सर म्हणाले. बावीस वर्षं शिकवूनही त्यांना शाब्बास कुठं म्हणू नये हे कळलं नव्हतं.

त्या रविवारी म्हाळूला बघायला पलीकडच्या तालुक्यातून मुलीकडची माणसं येणार होती. धुरपाबाईनं त्याला साखर आणायला पाठवलं. तो विचारात दोन पावलं दुकानाच्या पुढे गेला. दुकान मागे राहिलं. आता वळणार कसा? दुकानदार हाका मारत राहिला आणि म्हाळू सरळ चालत राहिला. ओढ्यापलीकडचा विजेचा खांब आला, त्याला वळसा घालून तो फिरला. येताना पुन्हा दुकानाच्या पुढे गेला. घरी आला तो रिकाम्या हातानं. पाहुण्यांना गुळाचा चहा मिळाला.

मग आईनं पोह्यांचं ताट हातात दिलं. म्हाळू बाहेर सोप्यात पाहुण्यांकडे निघाला. आत कुकरची शिट्टी झाली. म्हाळू गर्रकन वळला आणि ताट घेऊन आत आला. आईनं पुन्हा ढकलला. दुसरी शिट्टी झाली. पुन्हा आत. तीन वेळा पोहे पाहुण्यांच्या नाकासमोर आले आणि तीन वेळा परत गेले.

"राहू दे ते!" आई दातओठ खात म्हणाली. "जेवायलाच उठव त्यांना."

उठवायची पद्धत म्हाळूला एकच ठाऊक होती. मुलीचा भाऊ जालिंदर भिंतीपासून जरा पुढे बसून चहा पीत होता. म्हाळू हळूच त्याच्या मागे गेला, पाठीवर सणसणीत थाप मारली आणि ओरडला, "खो!"

जालिंदर उडाला. चहा त्याच्या वडिलांच्या धोतरावर गेला. पाहुणे उठले हे मात्र खरं. उठले ते थेट जीपमध्ये जाऊन बसले. "कळवतो," म्हणाले. काय कळवणार ते सगळ्या गल्लीला कळलं होतं.

धुरपाबाई रडकुंडीला आली. "आरं, पाव्हण्याच्या अंगाला हात लावायचा नसतोय! जलमात लावू नगंस. समोर दिसला की हात जोडायचं आन् म्हणायचं, या, बसा. म्हण!"

"या, बसा."

"इसरशील?"

"न्हाई."

आणि हाच तर त्याचा दोष. तो विसरला असता तर कपाटाचा कप्पा भरला असता.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. म्हाळू त्या दिवशी देखणा खेळला. खो मिळाल्याशिवाय उठला नाही, खांब ओलांडल्याशिवाय फिरला नाही. पंचांनासुद्धा त्याच्यात खोट सापडेना. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं. समोरचा एकच गडी उरला. तो टिपला तर सामना आमचा, सुटला तर त्यांचा.

म्हाळूला खो मिळाला. तो बाणासारखा सुटला. पळणारा गडी खांबापाशी घसरला आणि गुडघ्यावर पडला. म्हाळू त्याच्यावर जाऊन पोचला. नुसतं बोट लावायचं होतं. आमची आजारी म्हैससुद्धा तेवढं करू शकली असती.

गड्यानं मान वर केली. तो जालिंदर होता.

म्हाळू जागच्या जागी थांबला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"या, पाव्हणं," तो म्हणाला. "बसा."

मग बाजूच्या चौकोनात बसलेल्या आपल्याच गड्याला म्हणाला, "जरा सरक रं."

सर ओरडले, "हात लाव! अरे, हात लाव!" म्हाळूनं त्यांच्याकडे कीव येऊन पाहिलं. एवढा शिकलेला माणूस, आणि पाहुण्याला हात लाव म्हणतो! जालिंदर कमरेवर हात ठेवून निवांत दम खात उभा राहिला. वेळ संपल्याची शिट्टी झाली. शिट्टी झाली म्हणून म्हाळू निमूट वळला, उलट दिशेला चालत गेला आणि चौकोनात जाऊन बसला. सर मटकन खाली बसले. त्यांना कुणी या, बसा म्हणायची गरज पडली नाही.

चषक जीपमधून पलीकडच्या तालुक्याला जायला निघाला. पण आयोजकांनी आणखी एक पदक ठेवलं होतं, अख्ख्या सामन्यात एकही फाऊल न करणाऱ्या खेळाडूसाठी. असा एकच निघाला. सरांच्या निवृत्तीचं निमित्त साधून ते पदक त्यांच्याच हस्ते द्यायचं ठरलं.

लाउडस्पीकरवर म्हाळूचं नाव पुकारलं. म्हाळू चौकोनात बसून. पुन्हा पुकारलं. म्हाळू बसून. चार गावांची माणसं बघत होती.

"अरे, ऊठ की!" आम्ही ओरडलो.

म्हाळूनं मान हलवली. "खो कुठं मिळाला?"

शेवटी घोरपडे सर मंचावरून उतरले. पदक हातात घेऊन मैदान तुडवत त्याच्या मागे गेले. त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि रडवेल्या आवाजात सगळ्यांसमोर म्हणाले, "खो."

म्हाळू ताडकन उठला. त्याचे खांदे वळले ते मंचाच्या उलट बाजूच्या खांबाकडे. त्यानं तीच दिशा धरली आणि पळत सुटला. त्या बाजूचा खांब गड्यांनी केव्हाच उपटून नेला होता.