ताठ शेपटी

माणसाला कुत्र्याची बोली कळायची तेव्हाची गोष्ट. भिवा धनगर आपल्या हरणी कुत्रीला दोरीला धरून बाजाराला निघाला होता. समोरून पाटलांचा ढाण्या कुत्रा आला.

“बघ, शेपूट हलवतोय. जा, भेट त्याला,” म्हणत भिवाने दोरी ओढली. हरणीने चारही पाय रोवले आणि तोंड फिरवलं.

“माज आलाय का गं? पाटलांचा कुत्रा आहे तो.”

“असू दे. शेपूट हलतंय, पण काठीसारखं ताठ. नजरही माझ्यावरून हटत नाही. मी जाणार नाही.”

“पाटील काय म्हणतील?”

“धनी, पाटील हसून हाक मारतात तेव्हा तुम्ही ओढ्याकडून का जाता?”

भिवाने दोरी सैल सोडली. दोघं ओढ्याच्या वाटेला लागले.